‘डेडलाइन’ : अर्थ आणि उपयोग
‘डेड’ म्हणजे मृत व ‘लाइन’ म्हणजे रेषा. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत तटाच्या आत अशी रेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडीत. पुढे वृत्तपत्रसृष्टीत मजकूर देण्याच्या अखेरच्या वेळेस हा शब्द लागू झाला. मराठीत यास ‘अंतिम मुदत’ म्हणावे.

मुदत केवळ अर्जदारासच बांधते असे नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज मिळाल्यापासून सामान्यतः ३० दिवसांत, आणि जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांत, कार्यालयाने उत्तर देणे आवश्यक आहे. म्हणून अर्जाची दिनांकित पोच अवश्य घ्यावी व ती जपून ठेवावी.