बार्शी लाइटचा राखखड्डा

प्रश्न : बार्शी लाइट रेल्वेचं येडशीसारखं स्टेशन टेबलावर उभारतोय. वाफेच्या इंजिनाची कोळसा-पाण्याची जागा खरी कशी दिसेल? – वाचक, धाराशिव

उत्तर : आधी माप पक्कं करा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी 1897 साली सुरू केलेल्या या लाइनचा गेज 762 मिमी होता. 1:87 प्रमाणात तो 8.76 मिमी येतो, म्हणजे बाजारात मिळणारा 9 मिमीचा एन गेज रूळ चालेल. स्लीपर मात्र बदला, ते फार लहान आणि दाट असतात.

खरी मजा राखखड्ड्यात, म्हणजे इंजिनाची राख खाली पाडायच्या रुळांमधल्या खड्ड्यात आहे. कमरेइतका खोल खड्डा या प्रमाणात 10 मिमीचा होतो, त्यामुळे रूळ बसवण्याआधीच फळी कापून ठेवा. ताजी राख फिकट करडी, पाणी मारलेली जवळजवळ काळी. दोन्ही छटा हव्यातच. कडेला क्लिंकरचा, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेच्या ढेकळांचा ढीग, त्यात टेकवलेलं फावडं. कोळसा खराच कुटा आणि चाळा: मुठीएवढं ढेकूळ इथे जेमतेम 1 मिमीचं भरतं. इंजिनात कोळसा पाट्यांनी भरताना दाखवा, मोठा यांत्रिक कोल टॉवर इथे शोभणार नाही.

पाण्याच्या नळाखाली ओल आणि हिरवं गवत, चार हातांवर बालाघाटची करपलेली माती. हा फरक नीट साधा, मॉडेल त्यानंच जिवंत होतं. दगडाला बेसाल्टचा काळपट रंग द्या. विटांचा लाल रंग मला तरी इथे खटकतो.

शेवटी सगळ्यावर कोळशाच्या भुकटीचा हलका हात फिरवा, रुळांचा माथा तेवढा पुसून घ्या.