पोरांना हाक कोण मारणार?

नांदूरघाटच्या पारावर संध्याकाळी पोरं बसलेली असली, की येणारी-जाणारी जाणती माणसं म्हणतात, "यांना गावाचं काही पडलेलं नाही." वाचकहो, आपणही असं कधी म्हटलं असेल. पण त्यांतल्या एकाला तरी नाव घेऊन सांगितलं का, "बाळू, उद्या सकाळी सहाला माळावर ये, नळीचं एक टोक तुला धरायचंय"?

नळी कशाला, ते सांगतो. आपला केज तालुका बालाघाटच्या मुलखातला. पाऊस बेभरवशाचा. पडला तरी उतारावरून पळतो, जाताना माती घेऊन जातो. त्याला अडवायला माळावर समतल चर खणतात. चर उताराला आडवा हवा आणि त्याची पातळी सारखी हवी. एका बाजूला कलला, तर सगळं पाणी तिकडंच धावतं आणि बांध फोडतं. म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून दोघांनी दोन टोकं धरायची. दोन्हीकडचं पाणी पट्टीच्या एकाच खुणेवर आलं, की त्या दोन जागा एका पातळीत आल्या. तिथं फक्की टाकायची. मग खणायला लागायचं. निघालेली माती खालच्या अंगाला रचायची.

आता हिशोब करू. चर 10 मीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल आहे. तो एकदा भरला म्हणजे 1800 लिटर पाणी अडलं. हंडा 15 लिटरचा धरला, तर 120 हंडे झाले! आणि पाऊस काही एकदाच पडत नाही.

हे काम आपल्याकडं झालेलं आहे. 2017 साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत केज, धारूर आणि अंबाजोगाई हे तालुके होते. 8 एप्रिल ते 22 मे, असे 45 दिवस मिळाले होते. आपली कितीतरी माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांकडं जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. म्हणजे थकून आलेल्या हातांनीच पुन्हा कुदळ धरायची होती. त्या वर्षी धारूर तालुक्यातल्या जायभायवाडीला राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळाला.

पण एक प्रश्न पोरं विचारतात, आणि तो खरा आहे. "आमच्याकडं गुंठाभर जमीन नाही. आम्ही घाम गाळायचा आणि पाणी मुरायचं दुसऱ्याच्या विहिरीत?" यावर रागावून चालणार नाही. ज्याची विहीर भरणार, त्यानं न्याहारी, कुदळी, टोपली आणावीत; आणि स्वतःही चरात उतरावं. टंचाईत त्या विहिरीचं पिण्याचं पाणी सगळ्या वस्तीला खुलं राहील, हे कुदळ मारण्याआधीच गावासमोर ठरवावं. ज्याच्या घरात रोजावर चूल पेटते, त्याच्याकडून रोज बुडवून श्रमदान मागू नये. त्यानं सकाळचे दोन तास दिले तरी पुष्कळ झाले.

मुलींचंही तसंच. "लोक काय म्हणतील" म्हणून आई त्यांना घरी ठेवते. पण पातळी बघायला, वहीत मापं लिहायला नेमका हात लागतो. चार-पाच जणी मिळून आल्या, सोबत एखादी मावशी असली, की घरच्यांचा जीवही खाली पडतो.

कॉलेजातल्या पोरांसाठी राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. तिची सात दिवसांची शिबिरं खेड्यांत भरत आली आहेत. शिबिर आपल्या गावात आलं, तर त्यांना नुसतं रस्ता झाडायला लावून परत पाठवू नका. माळ दाखवा, नळी हातात द्या. आणि गावची पोरं त्यांच्याबरोबर जोडून द्या, म्हणजे पाहुणे गेले तरी काम थांबणार नाही.

गाडगेबाबा एखाद्या गावात गेले, की आधी स्वतः खराटा घेऊन झाडायला लागत. कीर्तन रात्री. आम्हां मोठ्यांचं बहुधा उलटं होतं: भाषण आधी, खराटा नंतर, तोही दुसऱ्याच्या हातात.

आता पाटी घ्या. आपल्या गल्लीतल्या चार तरुण मुला-मुलींची नावं लिहा. प्रत्येकाच्या नावापुढं त्याला जमेल असं एक काम लिहा: नळी धरणं, मापं लिहिणं, खणणं, टोपली उचलणं. पाचवं नाव स्वतःचं लिहा. त्याच्यापुढंही काम लिहा.