सहा टाळ्यांचा शब्द



झरी जामणी तालुक्यातील एका कोलाम पोडावर मी मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. तेथील आठवीतल्या एका मुलीला सिकलसेल आहे. या आनुवंशिक आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अंग असह्य दुखते. तिच्या आईने डॉक्टरांच्या कॅप्सूल चार दिवस दिल्याच नव्हत्या. कारण विचारले, तर डबी पुढे करून म्हणाली, "दादा, पोरगी वाचते का यात युरिया हाय. खत पोरीले कसं देऊ?"

कपाशीला युरिया टाकणाऱ्या माउलीची शंका साधी नव्हती. त्या दिवशीचा धडा मी डबीवरच घेतला.

फळ्यावर औषधाचे नाव लिहिले आणि टाळ्या वाजवत फोडले: हाय–ड्रॉक–सि–यु–री–या. टाळ्या सहा, जोर 'ड्रॉक'वर आणि 'री'वर.

स्पेलिंगला तीन तुकडे पुरतात. एच-वाय म्हणजे 'हाय'. डी-आर-ओ-एक्स-वाय म्हणजे 'ड्रॉक्सि'. यू-आर-ई-ए म्हणजे 'युरिया'. एकूण 11 अक्षरे. 'वाय' दोनदा येतो: आधी 'आय' असा, नंतर 'इ' असा.

तुकड्यांना अर्थही आहे. 'हायड्रॉक्सि' म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजनची जोडी. ही जोडी युरियाच्या रेणूला लागली की पदार्थच वेगळा होतो. हे खत नव्हे, औषध आहे; ते वेदनांचे झटके कमी करते. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने, वेळोवेळी रक्त तपासूनच ते घ्यायचे, आणि मनाने बंद करायचे नाही.

शब्दाचे शेपूटही पाहावे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिझिन ही निराळीच औषधे आहेत. उलट हायड्रॉक्सिकार्बामाइड हे याच औषधाचे दुसरे नाव. म्हणून दुकानात 'हायड्रॉक्सि'पाशी थांबू नये. नाव शेवटपर्यंत वाचावे आणि शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे.

मुलीने आईला सहा टाळ्या शिकवल्या. आईचे 'ड्रॉक' अजून 'डराक' होते, पण कोणी हसले नाही. शास्ते 12 मध्ये यार्देनेच्या उतारांवर 'शिब्बोलेथ' नीट न म्हणणाऱ्यांचे प्राण घेतले गेले. आपण उच्चार शिकवायचा तो प्राण राखण्यासाठी.

आपल्या मंडळीत कोणी हे औषध घेत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि डबीवरचे नाव एकदा टाळ्या वाजवून सोबत वाचा.