छापील नमुना कीं कोरी वही?

कळवण तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरीं सातबाऱ्याचा उतारा जपून ठेविलेला असतो. गांव नमुना सातमध्यें भूमापन क्रमांक, क्षेत्र व खातेदाराचें नांव असतें. नमुना बारामध्यें पिकांची नोंद होते. ही माहिती संगणकांत कोणत्या रचनेंत ठेवावी, याचा विचार आज करूं. उदाहरणासाठीं २००९ सालीं प्रसिद्ध झालेली 'गो' ही संगणकभाषा घेऊं.

या भाषेंत 'स्ट्रक्ट' व 'मॅप' अशा दोन रचना आहेत. स्ट्रक्ट हा जणूं छापील नमुना होय. त्यांत रकाने कोणते व कोणत्यांत अंक किंवा अक्षरें यावींत, हें आधींच ठरलेलें असतें. मॅप ही कोरी वही होय. डावीकडे शोधावयाचें नांव, म्हणजे किल्ली, व उजवीकडे तिचें मूल्य. नवी किल्ली केव्हांही लिहितां येते.

ही मोकळीक सोयीची खरी, परंतु तींत धोका आहे. समजा, मॅपमध्यें 'क्षेत्र' या किल्लीपुढें दोन हेक्टर लिहिले, आणि पुढें दुसऱ्यानें 'क्षेत्रफळ' या किल्लीनें विचारणा केली. अशी किल्ली आहे कीं नाहीं, हें मुद्दाम तपासलें नाहीं तर भाषा तक्रार करीत नाहीं. शून्य हें उत्तर देते! जमीनधारक भूमिहीन ठरतो व त्याचें पीककर्ज अडतें. स्ट्रक्टमध्यें असा नसलेला रकाना लिहिल्यास आज्ञावली चालण्यापूर्वींच चूक दाखविली जाते.

मग मॅप टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. एका शेतांत कांदा, दुसऱ्यांत मका, तिसऱ्यांत बाजरी. शिवाय पिकें दरवर्षीं बदलतात. प्रत्येक पिकास स्वतंत्र रकाना दिल्यास बहुतेक रकाने रिकामेच राहतील. येथें पिकाचें नांव किल्ली व त्याखालील क्षेत्र मूल्य, अशी मॅपचीच योजना योग्य. तसेंच गांवांतील शेंकडों नोंदींतून एक चटकन् काढावयाची असल्यास भूमापन क्रमांक ही किल्ली करावी व मूल्य म्हणून संपूर्ण स्ट्रक्ट ठेवावा. अशा रीतीनें दोन्ही रचना परस्परांस साह्य करितात.

सारांश, आज्ञावली लिहितांनाच रकान्यांचीं नांवें ठाऊक असल्यास स्ट्रक्ट वापरावा. तीं माहितीबरोबरच येणार असल्यास मॅप वापरावा.

अभ्यास : ग्रंथालयांतील पुस्तकांची नोंद करावयाची आहे. पुस्तकाचें नांव, लेखक व किंमत कोठें ठेवाल? दाखल क्रमांकावरून पुस्तक शोधण्यासाठीं कोणती रचना घ्याल? कारणें द्या.