आळशी कोण आणि दमलेला कोण?

कल्याणहून कर्जतकडे जाताना बदलापूर लागते. त्यातले जुने बदलापूर गाव उल्हास नदीच्या काठचे. शिवकाळात लांबच्या मजला मारणारे स्वार येथे थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत, म्हणजे घोडे 'बदलत', म्हणून गावाला हे नाव पडले असे सांगतात. आता गंमत पाहा. दमून निकामी झालेल्या घोड्याला इंग्रजीत 'जेड' असा एक जुना शब्द आहे. त्यावरून 'जेडेड' हे विशेषण आले. अतिश्रमाने किंवा त्याच त्या गोष्टीने विटून गेलेला, तो जेडेड. अशा घोड्याला कोणी आळशी म्हणेल काय? त्याने काम टाळलेले नाही. काम करूनच तो थकला आहे.

हा फरक मला एका मुलीमुळे नीट कळला. बदलापूर गावातल्या काही मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवीत असे. आठवीतली एक मुलगी एकदा प्रगतिपुस्तक घेऊन आली. शेरा होता : 'लेझी अँड केअरलेस'. तिने विचारले, "सर, दोन्हींचा अर्थ एकच ना? मग दोनदा का लिहिलंय?"

अर्थ एक नाही. लेझी म्हणजे अंगात ताकद असून काम नकोसे वाटणारा. केअरलेस माणूस काम करतो, कधी कधी धडाक्याने करतो, पण त्याचे लक्ष नसते. आणि तिसरा एक शब्द आहे, जो शेऱ्यात फारसा दिसत नाही : 'लेथार्जिक'. याला काम करावेसे वाटते, पण अंगात त्राणच नसते. आपल्याकडेही आळस, हलगर्जी आणि ग्लानी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रागाच्या भरात आपण तिघींना एकाच दावणीला बांधतो.

'लेथार्जी'ची फोड करून पाहू. 'लेथे' म्हणजे ग्रीक भाषेत विस्मरण. पुढचा भाग 'आर्गोस', म्हणजे निष्क्रिय. हा 'आर्गोस' 'अ' आणि 'एर्गॉन' मिळून झाला आहे. एर्गॉन म्हणजे काम. अ हा आपल्या 'अशक्त'मधल्या अ-सारखाच नकार दाखवणारा. याच एर्गॉनपासून 'एनर्जी' आली, म्हणजे आत असलेले काम. आणि 'अर्ग' हे ऊर्जेचे जुने एककही आले. १ जूल म्हणजे १ कोटी अर्ग.

आर्गोसपासून आणखी एक नाव निघाले आहे. लॉर्ड रॅले यांनी हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगांतून मिळवलेला नायट्रोजन तोलून पाहिला. हवेतला नायट्रोजन दर लिटरला सुमारे ६ मिलिग्रॅम जड भरला. केअरलेस माणसाने 'तराजूची चूक' म्हणून सोडून दिले असते. रॅले यांनी सोडले नाही. १८९४ मध्ये त्यांनी आणि विल्यम रॅम्झी यांनी हवेत दडलेला एक नवा वायू जाहीर केला. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून त्याचे नाव ठेवले आरगॉन, म्हणजे काम न करणारा! हवेत तो सुमारे ०.९३ टक्के आहे. आळशाचा शोध लागायला असा काटेकोर माणूस लागला. आणि हा वायू निरुपयोगी आहे असेही नाही. तारेच्या विजेच्या दिव्यात तो भरत, कारण तापलेल्या टंगस्टनशी तो संयोग पावत नाही आणि तारेची झीज कमी करतो.

असे चुकीचे शिक्के प्राण्यांवरही बसतात. आपल्या अस्वलाला इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' म्हणतात. स्लॉथ म्हणजे आळस, आणि त्याच नावाचा एक संथ प्राणी अमेरिका खंडात झाडांना लटकलेला असतो. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ यांनी लांब नखे पाहून आपल्या अस्वलाला त्याच गटात घातले. पुढे चूक सुधारली, नाव मात्र चिकटले. वारुळे उकरणाऱ्या, माणसावर धावून जाणाऱ्या या जनावराला आळशी म्हणणे ही कमालच म्हणायची!

पण माणसावर शिक्का बसला की त्याचे हाल होतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब शेतकऱ्यांना शहरी लोक जन्माचे आळशी समजत. १९०२ मध्ये चार्ल्स स्टाइल्स या संशोधकाने दाखवले की त्यांतल्या कित्येकांच्या आतड्यांत अंकुशकृमी आहेत. वर्तमानपत्रांनी थट्टेने त्याला 'आळसाचा जंतू' म्हटले. या कृमीच्या अळ्या ओल्या, विष्ठेने दूषित मातीत असतात. अनवाणी पायाच्या कातडीतून त्या आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, तेथून घशात येऊन गिळल्या जातात आणि आतड्यात ठाण मांडून रक्त पितात. रक्ताबरोबर लोह जाते आणि हिमोग्लोबिन घटते. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना आणि मेंदूला ऑक्सिजन कमी. मग माणूस बसल्या जागी पेंगतो, जिना चढताना धापा टाकतो, आणि बघणारा म्हणतो, 'आळशी मेला!'

हे त्या मुलीला सांगत असताना ती हळूच म्हणाली, "सर, मलापण धाप लागते." आठवीतली मुलगी, भाताच्या खाचरांतून अनवाणी फिरलेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला गाठले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात ८ ग्रॅम निघाले. या वयात ते १२ ग्रॅमच्या खाली नसावे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि जंताचे औषध दिले. आता २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतात; तुम्हीही ती घेतली असेल. आईने चपला आणल्या, आणि पालेभाजीवर लिंबू पिळायला सुरुवात केली, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते.

तीन-चार महिन्यांनी मी तिची शब्दार्थांची वही तपासत होतो. 'लेझी'पुढे लिहिले होते : आळशी. 'केअरलेस'पुढे : निष्काळजी. 'लेथार्जिक'पुढे तिने लिहिले होते : रक्त तपासून घ्या.