जुना छोटा हत्ती घेताय? आधी खेपा मोजा, मग गाडी बघा



जुन्या मालवाहू गाड्यांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला. "सर, दोन-सव्वादोन लाखात छोटा हत्ती मिळतोय, घेऊ का?" विचारणारे बहुतेक अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदनकडचे. सोबत गाडीचे चार-पाच फोटो असतात. रंग कसा चकाचक आहे, टेप कसा वाजतो, हेही असतं. पण या गाडीत रोज काय भरणार आणि परत येताना काय आणणार, हे क्वचितच कुणी लिहितो. म्हणून आज उत्तर उलट्या बाजूने देतो. व्हिडिओत हिशोब पटकन निघून गेला होता, तो इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

माल कोणता?

टाटा एस २००५ साली आली आणि लोकांनीच तिचं नाव छोटा हत्ती पाडलं. आता महिंद्राची जीतो असो की दुसरी कुठली, गावात सगळ्यांना छोटा हत्तीच म्हणतात. मूळ एसचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं डिझेल. ताकद साधारण पाऊण टन माल नेण्याची. म्हणजे ७५० किलो धरा.

आता हे ७५० किलो डोळ्यासमोर आणा. मोसंबीचं भरलेलं क्रेट २० किलोचं धरलं तर ३७ क्रेट झाले. हौदा भरल्यासारखा दिसतो. पण आपल्या जालन्यात लोखंडाचा धंदा मोठा. १२ एमएमची १२ मीटर लांबीची एक सळई साधारण १०.६६ किलो भरते. म्हणजे ७० सळया टाकल्या की गाडी फुल्ल. आणि ७० सळया हौद्यात कशा दिसतात? तळाला एक थर. बघणारा म्हणतो, "अरे गाडी तर रिकामीच आहे, अजून टाक." तिथेच पाटे बसतात, बेअरिंग जातात, क्लच जळतो. शिवाय ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. एका दंडात महिन्याची कमाई जाते.

म्हणून एमआयडीसीतून सळई, पत्रा, अँगल वाहायचा विचार असेल तर छोटा हत्ती तुमची गाडी नाही. मोठी पिकअप बघा, नाहीतर तो धंदा सोडा. भाजीपाला, मिरची, दूध, किराणा, पाण्याचे जार, बेकरीचा माल, मंडपाच्या खुर्च्या यांना मात्र ही गाडी चांगली. आणि हो, जी गाडी आधी सळई वाहत होती ती विकत घेऊ नका. ते कसं ओळखायचं, पुढे सांगतो.

खेपांचा हिशोब

खालचे आकडे मी समजा म्हणून धरलेत. तुमचे आकडे तुम्ही टाका.

समजा गाडी २,२०,००० ला ठरली. ८०,००० तुमचे, १,४०,००० कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्यापेक्षा जास्त लागतं, १६ टक्के धरू. तीन वर्षांचा हप्ता ४,९०० च्या आसपास येतो.

आता विमा. इथेच नवखा माणूस चकतो. त्याच्या डोक्यात मोटरसायकलचा विमा असतो. भाड्याने माल वाहणाऱ्या, ७,५०० किलोपर्यंतच्या चारचाकीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १६,०४९ रुपये आहे, वर टॅक्स वेगळा. गाडी दीड लाखाची असो की पाच लाखाची, हा आकडा तोच. महिन्याला १,५०० बाजूला ठेवा. पासिंग, पीयूसी आणि किरकोळ कागदांचे ३०० धरा. म्हणजे गाडी दारात उभी असली तरी महिन्याला ६,७०० जाणारच.

आता एक खेप. जालना ते छत्रपती संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर, येऊन-जाऊन १२०. जुनी गाडी भरलेली असताना १६ चा ॲव्हरेज आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर ७.५ लिटर, म्हणजे ६९० रुपये. टायर, ऑइल, दुरुस्तीसाठी किलोमीटरला दीड रुपया, म्हणजे १८०. चहा-जेवण, टोल, हमाली १३०. एकूण १,००० रुपये. भाडं १,७०० मिळालं तर हातात ७००.

६,७०० भागिले ७००. म्हणजे पहिल्या दहा खेपा गाडीसाठीच. घरी एक रुपया नाही. घरखर्चाला १५,००० हवेत ना? त्यासाठी अजून २१-२२ खेपा. एकूण झाल्या ३१. महिन्याचे दिवस तेवढेच असतात! सण नाही, लग्न नाही, आजारपण नाही, गाडीचा बिघाड नाही.

हेच गणित परतीच्या भाड्याने बदलतं. येताना ५०० रुपयांचा जरी माल मिळाला, कुणाचा किराणा, कुणाची औषधं, कुणाचे स्पेअर पार्ट, तर खेपेला १,२०० उरतात. मग ३१ ऐवजी १९ खेपांत काम होतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की गाडी बघायला जाण्याआधी दोन दुकानदार असे शोधा जे परतीचा माल द्यायला तयार आहेत. ते मिळत नसतील तर गाडी स्वस्त असली तरी तुम्हाला महागच पडणार.

मोसंबीवर भिस्त असेल तर अजून एक. मोसंबीचा माल बहाराप्रमाणे येतो. हंगामात गाडीला उसंत नसते आणि मधल्या महिन्यांत हप्ता मात्र थांबत नाही. बारमाही माल एक तरी धरून ठेवा.

कागद

मेकॅनिकला नंतर न्या. आधी कागद. कारण इंजिन पैसे टाकून दुरुस्त होतं, कागद दरवेळी होतीलच असं नाही.

भोकरदनकडच्या एका मुलाने पाठवलेला अनुभव सांगतो. गाडी चांगली होती, इंजिन सुद्धा चांगलं. विकणाऱ्याने सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० दिले, स्टॅम्प पेपरवर डिलिव्हरी नोट लिहून दिली, सगळे पैसे घेतले. पासिंगची तारीख आली तेव्हा कळलं की आरसीवर तिसऱ्याच माणसाचं नाव, तो परजिल्ह्यात, आणि गाडीवर फायनान्सचा बोजा अजून तसाच. मधल्या दोन हातांनी नाव लावलंच नव्हतं. मिरचीचा अख्खा हंगाम गाडी अंगणात उभी राहिली. आईच्या दागिन्यांवर काढलेल्या कर्जाचं व्याज मात्र चालूच होतं.

हे टाळायला काही फार लागत नाही. गाडीचा नंबर घ्या आणि एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या साइटवर टाका. पासिंग, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे, ते दिसतं. बोजा आहे का, गाडी ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हेही तिथेच तपासा. ई-चलान वेगळं तपासा, कारण थकलेलं चलान गाडीच्या नंबरवर असतं आणि शेवटी ते तुमच्या गळ्यात येतं. मग मूळ आरसी हातात घेऊन चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतली तर खाडाखोड असल्यास लगेच दिसते.

विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का? नसेल तर मूळ मालकाला समोर बसवा. "तो पुण्याला असतो, सही मी आणून देतो" या वाक्यावर उठून या. फायनान्सचा बोजा असेल तर कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. गाडी एमएच-२१ ची नसून एमएच-२० किंवा एमएच-२८ ची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हाही विषय येतो. ते काम विकणाऱ्याने करून द्यायचं, हे सौद्यातच बोलून घ्या.

आरसीवर गाडीचा वर्ग वाचा. मालवाहू एस आणि प्रवासी मॅजिक बाहेरून चुलत भावंडं वाटतात, पण प्रवासी म्हणून नोंदलेल्या गाडीत भाड्याने माल भरला आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

पासिंगचं वेळापत्रक पाठ करा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग. गाडी जुनी होईल तशी फी वाढते, १५ वर्षांपुढे तर चांगलीच. म्हणून सात वर्षांची आणि बारा वर्षांची गाडी यांत नुसता किमतीचा फरक बघू नका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी नंबर प्लेट लागली आहे का बघा, नाहीतर आरटीओतलं काम अडतं.

दोन गोष्टी मात्र आपल्या बाजूच्या आहेत. ३,००० किलोपेक्षा जास्त एकूण वजन नसलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, आणि छोटा हत्ती त्यातच येतो. दुसरं, लायसन्स. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. कुणी एजंट "बॅज काढून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर हे सांगा.

आता गाडी

सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. एसचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचला, हात लावा. गरम लागलं तर समजा की आधी चालू करून ठेवली आहे. थंडीत एका सेल्फमध्ये उठत नसेल म्हणूनच बहुतेक ते केलेलं असतं.

चालू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. काळा धूर असेल तर एअर फिल्टर किंवा इंजेक्टरचं काम. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. भकाभका वाफ बाहेर मारत असेल तर त्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि इंजिन काम निघणार हे धरून चाला. बीएस-६ गाडी असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर चावी फिरवल्यावर इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय.

आता सळईवाली गाडी ओळखा. मागच्या बाजूला खाली वाका. जास्तीचे पाटे घातलेत का, चेसिसला वेल्डिंगचे टाके आहेत का, हौद्याचा तळ खोल चेपलाय का, फाळका मोडून पुन्हा जोडलाय का? नवा रंग नेमका चेसिसलाच दिला असेल तर नखाने खरवडून बघा. मीटरवर ४५,००० किलोमीटर आणि क्लच पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत, असं दिसलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

चालवून बघताना रिकामी नको. चार-पाच माणसांच्या वजनाएवढी पोती टाका आणि चढाला दुसऱ्या गिअरवर घ्या. इंजिन ओरडतंय पण गाडी जागची हलत नाही, तर क्लच प्लेट गेली. टायरवरचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं. समृद्धीवरून जायचं असेल तर जुन्या टायरवर उन्हाळ्यात जाऊच नका.

पैसे देताना

भाव करताना "थोडे कमी करा" म्हणू नका. कागदावर लिहून दाखवा. विमा संपलाय, त्याचे इतके. पासिंग दोन महिन्यांवर आलंय, त्यासाठी रंग आणि काम इतकं. दोन टायर, बॅटरी, इतके. समोरच्याला आकडा खोडता येत नाही.

इसार थोडा द्या आणि पावतीवर लिहून घ्या, की नाव लागलं नाही तर इसार परत. मोठी रक्कम बँकेतून, आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात. आणि काही रक्कम, समजा २०,०००, आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत मागे ठेवा. विकणाऱ्याला पटत नसेल तर त्याला २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा नवीन कुमार खटला सांगा. गाडी पुढे हातोहात विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर आली. म्हणजे नाव लवकर बदलणं त्याच्याही फायद्याचं आहे.

नाव बदलायचा अर्ज ३० दिवसांत आणि विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत. विम्याचं लोक विसरतात. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्याचा फरक भरावा लागतो, तोही हिशोबात धरा. आणि विमा नावावर होईपर्यंत पहिलं भाडं घेऊ नका, मग मोंढ्यातून कितीही फोन येऊ देत.