कंबरदुखीवर गांजाचं तेल घ्यावं का?

प्रश्न : माझं वय 58, चेन्नईत अण्णानगरला राहते. बरीच वर्षं कंबर दुखते आहे. एमआरआयमध्ये विशेष काही निघालं नाही. टोरांटोचा भाचा म्हणतो, तिकडे डॉक्टर यावर गांजाचं तेल देतात. इथेही ऑनलाइन ‘विजया’ तेलाची बाटली मिळते. मागवू का? – एक वाचक, चेन्नई

उत्तर : भाचा खोटं बोलत नाही, फक्त त्यानं अर्धीच गोष्ट सांगितली आहे. दुखण्यावर गांजा देऊन त्याची नोंद ठेवण्याचं काम 1839 सालीच कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात डॉ. ओशॉनेसींनी केलं होतं. त्यांच्या रुग्णांत संधिवाताचेही होते. पण जुन्या कंबरदुखीवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल यायला 2025 साल उजाडलं. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या 820 रुग्णांपैकी काहींना 12 आठवडे गांजाचा ठरावीक अर्क (व्हीईआर-01) दिला, बाकीच्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रव. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर अर्कवाल्यांचं दुखणं सुमारे 1.9 नं उतरलं. वाचायला छान वाटतं, नाही का? पण नुसतं द्रव घेणाऱ्यांनाही बराच आराम पडला होता. दोन गटांतला खरा फरक 0.6 चा. शिवाय चक्कर, मळमळ, गुंगी या तक्रारी अर्कवाल्यांत जास्त, आणि चाचणीमागे अर्क बनवणारी कंपनीच होती. म्हणजे गुण आहे, पण माफक.

मेलबर्नमध्ये तर नुकत्याच उद्भवलेल्या कंबरदुखीवर गांजातलं नशा न आणणारं सीबीडी हे द्रव्य दिलं, तेव्हा ते आणि औषध नसलेली मात्रा यांत काहीच फरक दिसला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं 2019 मध्येच जुन्या दुखण्यासाठी गांजाची औषधं देऊ नका, असं डॉक्टरांना सांगितलं. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेनंही 2021 मध्ये पाठिंबा द्यायला नकार दिला.

आता बाटलीविषयी. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोरे येतात, नुसती पानं येत नाहीत. आयुर्वेदाच्या नावाखाली विजयाची, म्हणजे याच झाडाच्या पानांची, औषधं विकली जातात ती या वाटेनं, आणि तीही वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. पण जर्मनीत तपासलेला अर्क वेगळा, त्याची मात्रा वेगळी. तिथला निकाल या बाटलीला चिकटवता येत नाही. ओळखीच्या कुणाकडून पुडी आणण्याचा विचार तर मनातही आणू नका. थोडा गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते.

तेव्हा माझं उत्तर : मागवू नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर मुळीच नाही, सीबीडीमुळे तिचा परिणाम वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली आहे. फिजिओथेरपिस्टकडून तो नीट शिकून घ्या आणि चुकवू नका. मात्र पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तेल नको, व्यायामही नको. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.